गावच्या शाळेच्या समितीवर कोण बसतं? धारवाडच्या अर्जापासून शाळा व्यवस्थापन समितीपर्यंत

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की आपल्या वस्तीतही बैठका होतात, पॅनल ठरतं, रात्री जागवल्या जातात. पण त्याच गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेची व्यवस्थापन समिती कधी निवडली गेली, तिच्यावर आपला कोण आहे, असं विचारलं तर दहातले नऊ कार्यकर्ते गप्प बसतात. या समितीला मानधन नाही, सदस्याला गाडी नाही, दारावर पाटी नाही. काम बिनपगारी आहे म्हणून ते बिनमहत्त्वाचं, असा आपला समज झालाय. हा समज आपल्या लेकरांना महागात पडतोय. कारण शाळेचा कारभार कोणाच्या हातात असावा, हा प्रश्न आपल्या चळवळीच्या जन्माआधीपासूनचा आहे.

कागदावर उघडी, गावात बंद

जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने अर्ज केला. शाळा सरकारी होती आणि सरकारी पैशावर चालत होती. तरीही मुंबई सरकारने त्याला प्रवेश नाकारला. एका मुलासाठी बाकीच्यांना दुखवायचं कसं, हा सरकारचा हिशेब होता. प्रकरण वर गेलं आणि १८५८ मध्ये कंपनीच्या संचालक मंडळाने विलायतेहून कळवलं की सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी आहेत. तत्त्व मान्य झालं, पण गावातल्या शाळेचं दार उघडलं नाही.

चोवीस वर्षांनी, १८८२ मध्ये, महात्मा जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन दिलं. महार-मांगांची मुलं सवर्णांच्या मुलांशेजारी बसू शकत नाहीत, म्हणून ती प्रत्यक्षात सगळ्या शाळांबाहेर आहेत, हे त्यांनी सरकारला बजावलं. या मुलांसाठी पुण्यासारख्या शहरात एकच शाळा होती आणि तिच्यात तीसही मुलं नव्हती. म्हणजे १८५८ चा हुकूम पाव शतक नुसता कागदावरच राहिला.

असं का झालं? हुकूम काढणारा लांब असतो. दार उघडणारा किंवा लावणारा गावातच असतो, मग तो मास्तर असेल, पाटील असेल नाहीतर लोकल बोर्डाचा मेंबर. राज्यकर्त्याची इच्छा असली तर काय होतं, ते कोल्हापुरात दिसलं. छत्रपती शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत घ्यायचा हुकूम काढला. ब्रिटिश मुंबई इलाख्यात तशी इच्छा नव्हती. तिथे १९२३ मध्ये उलटाच प्रकार झाला.

१९२३ : एकाच वर्षातल्या दोन गोष्टी

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, हे आपल्याला पाठ आहे. पण या ठरावात फक्त पाणवठे आणि धर्मशाळा नव्हत्या, सार्वजनिक शाळाही होत्या, हे आपण विसरतो. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यानुसार तळं खुलं केल्याचा ठराव केला आणि तरीही १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला. ठराव एकीकडे आणि अंमल दुसरीकडे, हे तळ्याच्या बाबतीत आपल्याला चटकन कळतं. शाळेच्या बाबतीतही तेच चाललं होतं.

कारण त्याच १९२३ साली मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. त्याने प्राथमिक शाळांचा कारभार सरकारी शिक्षण खात्याकडून काढून जिल्हा लोकल बोर्डं आणि नगरपालिकांच्या स्कूल बोर्डांकडे द्यायचं ठरवलं. वरवर पाहता ही सुधारणाच. लोकांच्या शाळा लोकांच्या हाती आल्या तर कोणाला नको आहे?

बाबासाहेबांना ते मान्य नव्हतं. मे १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी सायमन कमिशनला अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी जे निवेदन दिलं, त्याचा पहिलाच निष्कर्ष हा होता : हा कायदा रद्द झाला नाही आणि शाळा स्कूल बोर्डांकडे सोपवणं थांबलं नाही, तर अस्पृश्यांचं शिक्षण मोठ्या प्रमाणात मागे जाईल. त्याच निवेदनात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची आणि शाळाप्रवेशाच्या कडक अंमलबजावणीची मागणी होती.

लोकशाहीचा एवढा मोठा पुरस्कर्ता लोकल बोर्डाला विरोध का करतो? कारण त्या काळी मताचा हक्क मालमत्ता आणि कर भरणाऱ्यांपुरता होता. ज्याच्याकडे जमीन तोच मतदार आणि तोच मेंबर. ज्याच्या वाड्याबाहेर आपला बाप उभा राहायचा, त्याच्याच हाती पोराच्या शाळेची किल्ली जाणार होती. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळं बसलेला, शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेला राहिलेला विद्यार्थी हे ओळखणार नाही तर कोण ओळखणार? ‘स्थानिक’ या गोड शब्दाच्या आत जात बसलेली असते.

कविठा : शाळेत मुलं घातल्याची शिक्षा

हे भाकीत किती खरं होतं, ते गुजरातेतल्या कविठा गावाने १९३५ मध्ये दाखवलं. आपली मुलं गावच्या शाळेत बसावीत, एवढीच तिथल्या अस्पृश्यांची मागणी होती. गावातल्या गरासियांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. मजुरी बंद झाली, गुरांना गायरान बंद झालं, ताकही बंद झालं. मुलांना पुन्हा शाळेत घालायचा प्रयत्न करणार नाही, अशी शपथ त्यांच्या पुढाऱ्याकडून महादेवासमोर घेतली गेली. शरणागती पत्करल्यावरही त्यांच्या विहिरीत रॉकेल ओतलं गेलं. आणि बाहेर बातमी काय गेली? प्रकरण सामोपचाराने मिटलं! ही हकिगत ठक्कर बाप्पांनी सांगितलेली आहे आणि बाबासाहेबांनी काँग्रेस व गांधींवरच्या आपल्या १९४५ च्या ग्रंथात ती दिली आहे.

गावात ‘सामोपचार’ हा शब्द ऐकला की कविठा आठवा.

विरोध कशाला होता?

आता कोणी म्हणेल, बाबासाहेबांचाच विरोध होता तर आपण या स्थानिक समित्यांच्या भानगडीत का पडायचं? हा अर्धवट वाचनाचा परिणाम आहे. ऑक्टोबर १९३२ मध्ये मुंबई कायदे मंडळात ग्रामपंचायत विधेयक आलं, तेव्हाही बाबासाहेबांनी टीका केली. पण त्यांची मागणी पाहा. अस्पृश्य प्रत्येक गावात अल्पसंख्य आहेत, नुसत्या प्रौढ मताधिकाराने ते निवडून येणार नाहीत, म्हणून त्यांना राखीव प्रतिनिधित्व हवं. म्हणजे ज्या स्थानिक सत्तेत आपल्याला हक्काची जागा नाही, त्या सत्तेला त्यांचा विरोध होता.

ती हक्काची जागा मिळायला फार वर्षं लागली. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतीतलं अनुसूचित जाती-जमातींचं आरक्षण संविधानात आलं. शाळेपुरती ती जागा १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने दिली. त्याचं कलम २१ प्रत्येक कार्यकर्त्याने वाचलंच पाहिजे. सरकारी, स्थानिक संस्थेच्या आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती हवी. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत. निम्म्या महिला हव्यात. आणि वंचित गट व दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व हवं. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करणं आणि अनुदान कुठे खर्च झालं ते पाहणं ही तिची कामं आहेत. कलम २२ नुसार हाच आराखडा पुढच्या अनुदानाचा आधार ठरतो.

१९२८ मध्ये जी गोष्ट नव्हती म्हणून बाबासाहेबांनी कायदा रद्द करा म्हटलं, ती आज कायद्यात लिहिलेली आहे.

मग अडतं कुठे?

पहिली गोम ‘वंचित गट’ या शब्दात आहे. कायद्याच्या व्याख्येत अनुसूचित जाती-जमातींबरोबर सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गही येतात. त्यामुळे बौद्ध किंवा मातंग वस्तीतला एकही पालक न घेता कागदावर प्रमाण बसवता येतं. मागासवर्गीय भावंडांशी आपलं भांडण नाही, पण वस्तीतली मुलं पटावर किती आणि त्यांचे पालक समितीत किती, हा हिशेब आपणच मागायला हवा.

दुसरी गोम बिनपगारी कामात आहे. सकाळी अकराला सभा ठेवली तर शेतमजूर आई रोज बुडवून येणार कशी? ज्याचं पोट रोजावर नाही तोच ‘स्वयंसेवक’ होऊ शकतो. मग अनेक गावांत नावं मुख्याध्यापकाच्या टेबलावर ठरतात आणि प्रोसिडिंग सहीसाठी घरी येतं. बाई सदस्य, सही नवऱ्याची, हेही आपण पाहतो. सभेची वेळ हासुद्धा जातीचा आणि वर्गाचा प्रश्न आहे.

आणि रिकाम्या खुर्चीचा परिणाम ताटापर्यंत पोचतो. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात सुखीढांगच्या शाळेत दलित भोजनमातेच्या हातचं जेवण सवर्ण मुलांनी नाकारलं. नेमणुकीची प्रक्रिया चुकली असं सांगून तिला काढलं गेलं. मग दलित मुलांनी सवर्ण बाईच्या हातचं जेवायला नकार दिला, गाजावाजा झाला आणि तिला परत घ्यावं लागलं. जे काम शाळेतल्या मोठ्यांनी करायला हवं होतं, ते मुलांना करावं लागलं.

आता काय करायचं?

महाराष्ट्रात ही समिती दर दोन वर्षांनी नव्याने निवडायची असते आणि तिचा अध्यक्ष पालकांतूनच होतो. आपल्या गावातली मुदत कधी संपते, ते आजच विचारा. पालकसभेची सूचना वस्तीत लागली का, ते पाहा. सभा संध्याकाळी ठेवा अशी लेखी मागणी करा. प्रोसिडिंग दाखवत नसतील तर माहितीच्या अधिकारात नक्कल मागा. आपला सदस्य निवडून आला की त्याला एकटं सोडू नका. आराखडा त्याच्याबरोबर बसून वाचा. पोषण आहाराची पंगत, शिष्यवृत्तीचे अर्ज, झाडू कोणाच्या मुलांच्या हातात दिला जातो, हे सगळं त्याने सभेत बोलून प्रोसिडिंगमध्ये लिहून घेतलं पाहिजे. तोंडी बोललेलं गाव विसरतं, लिहिलेलं विसरता येत नाही.

१४ एप्रिलची मिरवणूक शाळेवरूनच जाते. तिथून जाताना आतल्या समितीत आपलं कोण आहे, हे मिरवणुकीतल्या प्रत्येकाला सांगता आलं पाहिजे. धारवाडच्या त्या मुलाने दार ठोठावलं होतं. आपल्याला कायद्याने आत खुर्ची दिली आहे. ती रिकामी ठेवू नका.

जय भीम!