दुखण्यावरच्या जेलची कुळकथा

मुक्या मारावर आंबेहळदीचा गरम लेप घालणाऱ्या घरांत बामची बाटली शिरली, त्याला शतक उलटून गेले. काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी १८९३ साली मुंबईत ‘अमृतांजन’ सुरू केले. बाम म्हणजे मेण किंवा व्हॅसलिनसारखा स्निग्ध बेस आणि त्यात मेंथॉल, कापूर, विंटरग्रीनचे तेल. ही द्रव्ये लहान रेणूंची आणि तेलात विरघळणारी असल्याने बेस कसाही असला तरी थोडीफार आत शिरतच.

अडचण आली ती नव्या औषधांमुळे. बाझलच्या गायगी (पुढे सीबा-गायगी) कंपनीत आल्फ्रेड झालमान आणि रुडॉल्फ फिस्टर यांनी डायक्लोफेनॅक बनवले आणि १९७०च्या दशकात ते गोळीच्या रूपाने बाजारात आले. वेदना आणि सूज त्याने उतरे, पण पोटाला ते जाचे. मग गुडघा दुखतो तर औषध गुडघ्यावरच का लावू नये?

वाटेत उभी होती त्वचा. तिचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर मिलिमीटरच्या जेमतेम पन्नासाव्या-शंभराव्या भागाइतका पातळ असतो, पण तो विटांच्या भिंतीसारखा रचलेला असतो: पेशी या विटा आणि त्यांच्यामधली चरबी हा चुना. चरबीतून जायचे तर औषध तेलात विरघळायला हवे. त्याखालच्या ओल्या थरांत उतरायचे तर पाण्यातही. म्हणून डायक्लोफेनॅकचा डायएथिलअमाइन हा क्षार निवडला गेला. त्याचे दोन्हीकडे जमते.

बेसची सोय मात्र भलत्याच घरून झाली. टायरसाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकेतल्या बी. एफ. गुडरिच कंपनीला १९५७ साली एका बहुवारिकाचे (पॉलिमरचे) पेटंट मिळाले. जेल घट्ट करणाऱ्या ‘कार्बोमर’ या पदार्थाचे कूळ ते हेच. ही पांढरी पूड पाण्यात आम्लधर्मी असते. तिच्यात अल्कली घातली की रेणूंच्या साखळ्यांवर ऋणभार येतो, त्या एकमेकींना दूर लोटत पसरतात आणि अर्धा-एक टक्का पुडीत अख्खे पाणी घट्ट होऊन जेल बनते. ही अल्कली म्हणूनही डायएथिलअमाइन चालते.

१९८०च्या दशकात या जेलमध्ये डायक्लोफेनॅक, तेलाचे बारीक थेंब, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल घालून ‘व्होल्टारेन इमल्जेल’ आले. लावल्यावर अल्कोहोल उडून जाते, उरलेल्या थरात औषधाची तीव्रता वाढते आणि त्वचेत शिरण्याचा जोर वाढतो. ग्लायकॉल मागे राहून औषध विरघळलेले ठेवते. त्याचे स्फटिक झाले तर ते वरच पडून राहील. औषध बेसमध्ये किती आहे यापेक्षा बेस सोडायला ते किती उतावीळ आहे, यावर शोषण ठरते, हे औषधशास्त्रज्ञ ताकेरू हिगुची यांनी १९६०च्या सुमारासच मांडले होते.

फरक किती पडतो? मुरगळणे-लचकणे यांवरच्या चाचण्यांचा, वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ संस्थेचा २०१५चा आढावा पाहा. इमल्जेल लावलेल्यांपैकी ७८ टक्क्यांना चांगला आराम पडला, औषधाविना जेल लावलेल्यांपैकी २० टक्क्यांना. डायक्लोफेनॅकच्याच एका चिकटपट्टीत हे आकडे ६३ आणि ४१ होते. चाचण्या वेगवेगळ्या होत्या, तरी रूप बदलले की निकाल बदलतो, हे त्यातून दिसते.

आपल्याकडच्या अनेक जेलांत डायक्लोफेनॅकबरोबर मेंथॉल, मिथिल सॅलिसिलेट आणि जवसाचे तेल असते. मेंथॉल त्वचेतल्या थंडी टिपणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते, त्यामुळे गारवा लगेच जाणवतो. पण गारवा म्हणजे औषध आत पोचल्याची पावती नव्हे. जेल नेमून दिलेल्या मात्रेतच लावावे, वर घट्ट पट्टी बांधू नये की शेकू नये; त्याने शोषण प्रमाणाबाहेर वाढू शकते. जखमेवर लावू नये आणि पोटाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. अमेरिकेतल्या १ टक्का जेलच्या माहितीपत्रकानुसार एका गुडघ्यावर दिवसातून चारदा लावल्यास गोळीच्या तुलनेत सुमारे ६ टक्केच औषध रक्तात जाते. हे प्रमाण थोडे आहे, शून्य नाही.