दात बरा कोण करतं: औषध की दात स्वतः?

पल्प, म्हणजे दाताच्या आतला जिवंत गर, उघडा पडला की दंतवैद्य त्यावर औषधाचा थर देतात. पुढे त्याखाली नवं डेंटिन तयार होतं. 1920 च्या दशकात जर्मनीत हरमान यांनी कॅल्शियम हायड्रॉक्साइड वापरात आणलं आणि कित्येक वर्षं सगळं श्रेय औषधालाच मिळत राहिलं.

1965 मध्ये काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झगेराल्ड यांनी उंदरांच्या दाढांचा पल्प उघडा करून तसाच सोडला. औषध नाही, काही नाही. नेहमीच्या उंदरांचा पल्प कुजला. जंतुमुक्त वातावरणात वाढलेल्यांचा मात्र जगला, त्यावर डेंटिनचा पूलही बांधला गेला. म्हणजे दुरुस्ती करणारं कुणीतरी आतच होतं!

2000 साली ग्रॉन्थॉस, शी आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या अक्कलदाढेच्या पल्पमधून मूलपेशी वेगळ्या केल्या. मग औषधाचं काम काय? कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि 1993 मध्ये टोराबिनेजाद यांच्या गटाने पुढे आणलेलं एमटीए, दोन्ही डेंटिनमध्ये अडकलेली वाढघटक प्रथिनं मोकळी करतात. त्या इशाऱ्यावर पेशी कामाला लागतात. शिवाय एमटीए वाट घट्ट बुजवून जंतूंना बाहेर ठेवतं.

हे सगळं वाचूनही माझ्या पहिल्या आराखड्यात 'काहीच न लावलेल्या' पेशींचा गट नव्हता. मार्गदर्शकांनी एकच विचारलं, "मग श्रेय कुणाला देणार?" तुमच्या आराखड्यात तो रकाना आहे का, आज एकदा बघाच.