समन्स घरात कोणाच्या हाती द्यायचं?

उर्दूत ‘तारीख’ म्हणजे दिनांकही आणि इतिहासही. मराठीने त्यातला दिनांक तेवढा घेतला. पण दिवाणी कोर्टातल्या एका तारखेला दोन्ही अर्थ लागू पडतात. ती म्हणजे समन्स बजावल्याची तारीख.

समन्स निघालं कधी यापेक्षा ते बजावलं कधी, हे प्रतिवादीसाठी महत्त्वाचं. त्या दिवसापासून लेखी कैफियतीचे ३० दिवस मोजतात. कारणं नोंदवून कोर्ट ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. प्रतिवादी हजरच झाला नाही, तर दावा एकतर्फी चालू शकतो.

ही तारीख ठरते बेलिफाच्या शेऱ्यावरून. समन्स कधी आणि कसं बजावलं, हे तो मूळ प्रतीवर लिहून देतो. शंका आली तर कोर्ट त्याला शपथेवर विचारू शकतं.

पण प्रतिवादी घरी नसेल, लवकर भेटण्याची शक्यता नसेल आणि त्याचा मुखत्यारही नसेल तर? १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं उत्तर होतं : त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या सज्ञान पुरुषाकडे द्या. घरात आई, बायको, शिकलेली मुलगी असली तरी त्यांच्या हाती दिलेलं चालत नसे. पुरुष नसेल तर प्रत बाहेरच्या दारावर चिकटवायची. म्हणजे दाराची फळी चालत होती, आतली बाई नाही! तीच बाई स्वतः प्रतिवादी असली, तर मात्र समन्स तिच्यावर बजावता येत असे.

हा नियम एका जमातीपुरता नव्हता, सगळ्या धर्मांच्या घरांना होता. ‘पडदा’ म्हटलं की फक्त आमच्याकडे बोट दाखवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. स्वातंत्र्यानंतरही तो जवळजवळ तीस वर्षं टिकला. १९७६ च्या दुरुस्तीने ‘स्त्री असो वा पुरुष’ असे शब्द आले आणि १ फेब्रुवारी १९७७ पासून ते लागू झाले. नोकर मात्र आजही कुटुंबात धरला जात नाही.

मी उर्दू-मराठी शिकवते, म्हणून मुलींना सांगते : घरातल्या कोणाचं समन्स आलं तर घाबरून परत पाठवू नका. सही नाकारली तरी ते बजावलं गेलं असं कोर्ट धरू शकतं. वाचा, सही करा, सहीखाली स्वतःच्या हाताने तारीख घाला आणि ज्याचं समन्स आहे त्याला त्याच दिवशी कळवा. तुमच्या सहीपासून कुणाचे तरी ३० दिवस सुरू होतात.