हॅटफील्डच्या उशा

माझा एक भाचा आहे. शिकलेला, हुशार आणि स्वतःच्या हातांवर पुरा विश्वास असलेला. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यानें दादरच्या एका जुन्या इमारतींत जागा घेतली आणि मला येऊन सांगितलें, "मामा, घरांतल्या विजेच्या तारा मी स्वतःच नव्यानें घालणार आहें. एक तार दिव्याकडे जाते, एक परत येते. यांत अवघड तें काय?" त्याला मीं उपदेश केला नाहीं. उपदेशानें भाचे सुधारल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. मीं त्याला एका ब्रिटिश उमरावाची गोष्ट सांगितली, आणि तीच आज आपणांस सांगण्याचें योजिलें आहे.

हा उमराव म्हणजे सॉल्सबरीचा तिसरा मार्क्विस. आपल्याला त्याचें नांव अगदींच परकें नाहीं. १८६६-६७ मध्यें आणि पुन्हां १८७४ पासून १८७८ पर्यंत तो भारतमंत्री होता, आणि पुढें तीन वेळां इंग्लंडचा मुख्य प्रधान झाला. राजकारणाच्या धकाधकींतून सवड काढून तो हॅटफील्ड येथील आपल्या वाड्यांत, स्वतःच्या प्रयोगशाळेंत रमत असे. ही आवड वरवरची नव्हती. रॉयल सोसायटीनें १८६९ सालींच त्याला आपला सभासद करून घेतलें होतें.

विजेच्या दिव्याची त्याला ओढ लागण्यास घराण्यांतील एक जुनी आठवणहि कारण झाली असावी, असें मला वाटतें. १८३५ च्या नोव्हेंबरांत या वाड्याचा पश्चिमेकडील भाग जळाला आणि त्यांत त्याची वृद्ध आजी मरण पावली. मेणबत्तीची ज्योत तिच्या केशभूषेस लागून आग पेटली, असें मानलें जातें. सॉल्सबरी त्या वेळीं पांच वर्षांचा होता. ज्या घरानें उघड्या ज्योतीचा असा प्रताप पाहिला, त्या घरच्या धन्याला ज्योतीवांचून उजेड देणारा दिवा हवाहवासा वाटावा यांत नवल नाहीं.

१८७९ च्या सुमारास इंग्लंडांत स्वान यानें आणि अमेरिकेंत एडिसन यानें कांचेच्या निर्वात गोळ्यांत तापून उजळणाऱ्या तंतूचा दिवा सिद्ध केला. हॅटफील्ड येथें १८८१ मध्यें विजेचा उजेड आला. ली नदीच्या कांठीं लाकडें कापण्याची एक गिरणी पाण्याच्या जोरावर चालत असे. तेथें विद्युज्जनक यंत्र बसविलें आणि मैलाहून अधिक अंतरावरील वाड्यापर्यंत तारा ओढल्या. प्रयोगाचा हौशी प्रवर्तक धनी स्वतःच होता. पुढें काय झालें, तें त्याची कन्या लेडी ग्वेंडोलेन सेसिल हिनें लिहिलेल्या चरित्रांत वाचावयास मिळतें. एखाद्या रात्रीं दिवे निखाऱ्यासारखे तांबडे होऊन राहात आणि घरांतील मंडळी अंधारांत चांचपडत. एखाद्या रात्रीं लहान लहान विजाच चमकूं लागत. एकदां तर लांबलचक दालनाच्या छतावरून नेलेल्या उघड्या तारांनीं पेट घेतला. खालीं गप्पा मारीत बसलेल्या मंडळींनीं हातांतल्या उशा वर फेंकून ती आग विझविली, आणि तुटलेला संवाद पुन्हां पुढें चालूं केला!

ही हकीकत ऐकून भाचा मनापासून हंसला. मीहि प्रथम वाचली तेव्हां हंसलों होतों. परंतु त्याच १८८१ च्या डिसेंबरांत हॅटफील्डच्या बागेंत काम करणाऱ्या एका तरुण मजुराचा हात त्या तारांना लागला आणि तो जागच्या जागीं मेला. वीज कशी वाहते हें त्याला कोणीं सांगितलें होतें कीं नाहीं, देव जाणे. तारा दिसावयास इतर तारांसारख्याच होत्या.

आतां, सॉल्सबरीचें चुकलें कोठें? त्याचें ज्ञान कमी पडलें असें म्हणतां येत नाहीं. मँचेस्टरच्या जूलनें १८४१ सालींच दाखवून दिलें होतें कीं, तारेंतून वाहणारा प्रवाह दुप्पट केला कीं तारेंत उत्पन्न होणारी उष्णता चौपट होते. रॉयल सोसायटीच्या सभासदाला हें ठाऊक नसेल कसें? पण नियम ठाऊक असणें निराळें आणि आपल्या छतावरील अमुक तार अमुक प्रवाह सोसेल कीं नाहीं, याचा आधीं कागदावर हिशेब करणें निराळें. तो हिशेब तेथें नव्हता. तारेवर आवरण नव्हतें, आणि प्रवाह मर्यादेबाहेर गेला तर आपण होऊन वितळून वाट तोडणारा दुवा, ज्याला आपण फ्यूज म्हणतों, त्याची जागा उशांनीं घेतली होती.

सहाच महिन्यांनीं, म्हणजे १८८२ च्या जूनमध्यें, लंडनच्या तारायंत्र-अभियंत्यांच्या संस्थेनें विजेच्या दिव्यांपासून होणाऱ्या आगी टाळण्यासाठीं नियमांचें एक छोटेंसें पत्रक प्रसिद्ध केलें. घरांतील विजेच्या जोडणीचे ब्रिटनमधील आजचे नियम त्याच पत्रकाचे वंशज आहेत. त्यांतील एक विचार मला फार मोलाचा वाटतो. विजेच्या कामांतील अडचणी बहुधा आंतल्या व अदृश्य असतात. गळती, तारेचा अवाजवी विरोध आणि वाईट सांधे यांतून त्या उद्भवतात, आणि चांचणी घेतल्यावांचून त्या कळत नाहींत, असा त्याचा आशय आहे. गवंड्याची भिंत वांकडी झाली तर शेजारीहि सांगतो. तारेचा सांधा ढिला राहिला तर दिवा पहिल्या दिवशीं तितकाच छान लागतो, दुसऱ्या दिवशींहि लागतो, आणि कित्येक महिन्यांनीं एखाद्या रात्रीं लाकडाला धूर येतो. हीच संस्था पुढें विद्युत्-अभियंत्यांची संस्था म्हणून नांवारूपास आली, आणि १८८९ मध्यें तिच्या वार्षिक भोजनप्रसंगीं खुद्द सॉल्सबरीचें भाषण झालें. त्या वेळीं कोणीं उशांचा विषय काढला होता काय, हें जाणण्याची मला अजून उत्सुकता आहे.

अमेरिकेंतील धनिकांचीहि हीच कथा. न्यूयॉर्कमध्यें व्हँडरबिल्टच्या घरीं भिंतीच्या कागदांत विणलेल्या धातूच्या धाग्याशीं तारांचा संबंध येऊन कागद धुमसूं लागला, आणि गृहस्वामिनीनें सारें सामान बाहेर काढावयास लावलें. बँकवाल्या मॉर्गनच्या अभ्यासिकेंत त्याचें लेखनमेज जळालें. मॉर्गननें मात्र दिवे काढले नाहींत. जोडणी सुधारून घेतली.

आपल्या मुंबईंत १८८२ सालीं क्रॉफर्ड मार्केटमध्यें विजेचे दिवे लागले, पण तो उद्योग फार काळ टिकला नाहीं. घरोघर वीज पोंचण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. १९०५ मध्यें वीज व ट्रॅम यांची कंपनी स्थापन झाली, आणि १९०७ मध्यें विजेची ट्रॅम धांवूं लागली. विजेच्या वापरांतील धोक्यांपासून माणसांचें व मालमत्तेचें रक्षण व्हावें म्हणून हिंदुस्थानांत कायदा मात्र १८८७ सालींच झाला होता. दिवे येण्यापूर्वीं कायदा येण्याचा असा योग आपल्याकडे विरळाच.

त्या काळच्या मुंबईच्या घरांत तारा सागवानी पट्ट्यांच्या खांचांतून नेत आणि वरून पट्टीचें झांकण ठोकीत. केसिंग-कॅपिंग या नांवानें आपले वायरमन तें काम ओळखतात. काम देखणें असे, परंतु तारेवरील रबर पंचवीस-तीस वर्षांत वाळून भुगा होई आणि पट्टीच्या आंत काय चाललें आहे, तें झुरळांखेरीज कोणास कळत नसे. फ्यूज वितळला कीं त्या जागीं तांब्याच्या तारेचे चार पदर पिळून घालणारे कर्ते पुरुष मीं लहानपणीं प्रत्येक मजल्यावर पाहिले आहेत. फ्यूज पुन्हां कधीं जात नसे, आणि घरांतील बायकामाणसें त्यांचें कौतुक करीत.

माझ्या भाच्यानेंहि तेंच केलें असतें, फक्त कागदावर. त्यानें काढून आणलेल्या आराखड्यांत स्वयंपाकघर आणि त्याच्या भिंतीपलीकडचें स्नानगृह एकाच तारेवर होतें. आम्ही बेरीज केली. किटली १५०० वॅट, मायक्रोवेव्ह १२००, मिक्सर ७५०, गीझर २०००, एकूण ५४५०. त्याला २३० व्होल्टांनीं भागलें कीं जवळजवळ २४ अँपियर होतात. तार त्यानें दीड चौरस मिलिमीटरची लिहिली होती. "मग तिच्या तोंडाशीं फ्यूज मोठा घालूं," तो म्हणाला. मीं म्हटलें, "अरे, फ्यूज राखतो तो तारेला. तो तारेहून दांडगा झाला तर आधीं तार वितळेल, आणि तुझ्या भिंतींत वितळेल." तो गप्प बसला. नंतर त्यानें गीझरला स्वतंत्र जाड तार दिली, स्वयंपाकघराचे दोन भाग केले, आणि दिवे-पंख्यांची वाट निराळी काढली. दिवे-पंख्यांच्या एका वाटेवर दहाहून अधिक जागा आणि ८०० वॅटहून अधिक भार असूं नये, हा आपल्याकडील जुना, चांगला दंडक आहे.

दुसरी गोष्ट तिसऱ्या तारेची. भाचा दोनच तारा मोजत होता. आपल्या भिंतींतील तीन छिद्रांच्या जागेकडे पाहा: वरची खुंटी इतर दोघींहून जाड आणि लांब असते. प्लग खोंचतांना ती सर्वांआधीं लागते आणि काढतांना सर्वांमागून सुटते, म्हणजे वीज आंत असेपर्यंत उपकरणाचें लोखंडी अंग जमिनीशीं बांधलेलें राहतें. आंतली तार सुटून त्या अंगाला लागली, तर प्रवाह एकदम जमिनीकडे धांवतो आणि फ्यूज जातो. ही तिसरी वाट नसेल, तर तें लोखंड भरलेलें तसेंच राहतें आणि कोणाच्या तरी ओल्या हाताची वाट पाहतें. प्लग न लावतां दोन उघड्या तारा आगपेटीच्या काड्यांनीं छिद्रांत बसविणाऱ्या शहाण्यांनीं एवढें ध्यानांत आणावें.

पुढें याहून सूक्ष्म राखण आली. मनुष्याच्या शरीराला किती प्रवाह बाधतो, याचा अभ्यास कॅलिफोर्नियाच्या डॅल्झील यानें वर्षानुवर्षें केला, आणि १९६० नंतर गळती ओळखणारें उपकरण तेथील घरांसाठीं सिद्ध झालें. गेलेला आणि परत आलेला प्रवाह यांची तें सतत तुलना करतें. आपल्याकडील घरांत बहुधा ३० मिलिअँपियरांचा फरक पडतांच तें डोळ्यांचें पातें लवतें न लवतें तोंच वाट तोडतें. हॅटफील्डच्या बागेंत तें असतें तर, असा विचार मनांत आल्यावांचून राहात नाहीं.

मग भाच्यानें स्वतः काय करावयाचें? आपला कायदा येथें चांगली रेघ ओढतो. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच यांच्या जागीं तसाच दुसरा बसविणें, ज्यानें जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाहीं, तें गृहस्थानें करावें. नवी तार घालणें वा जुनी फिरविणें हें परवाना असलेल्या ठेकेदाराचें काम. मला यांत कमीपणा वाटत नाहीं. कोठें काय लागेल, किती भार येईल, मूल पलंगावरून कोठवर हात पोंचवील, हें घरच्या माणसावांचून कोणास ठाऊक असणार? तें कागदावर उतरविण्याचें काम भाच्यानें चार रविवार खर्चून केलें, आणि तें उत्तम केलें.

पांचव्या रविवारीं परवानाधारक वायरमन चांचणीचें यंत्र घेऊन आला. स्नानगृहांतील जुन्या गीझरपाशीं त्यानें तिसऱ्या तारेची परीक्षा केली, भुंवया उंचावल्या, आणि सागवानी पट्टी उचकटली. हिरवी तार चार बोटें आंत गेली होती आणि चुन्यांत तिचें टोक नुसतें दडपून टाकलें होतें. पूर्वींचें कुटुंब त्या गीझरच्या पाण्यानें किती वर्षें स्नान करीत होतें, तें विचारण्यास आतां तेथें कोणी नव्हतें. भाच्यानें आराखड्यावर त्या जागीं तांबड्या पेन्सिलीनें फुली मारली, मुख्य स्विच स्वतः बंद केला, आणि त्या दिवशीं सर्वांनीं चुलीवरचें पाणी घेतलें.