३००० मीटर स्टीपलचेसची जागतिक पात्रता

३००० मीटर स्टीपलचेसची जागतिक पात्रता म्हणजे जागतिक अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा आणि ऑलिंपिक यांतील अडथळ्यांच्या या लांब पल्ल्याच्या शर्यतीत प्रवेश मिळविण्याची पद्धत होय. या शर्यतीवर अनेक दशके आफ्रिकेतील, विशेषतः केनियाच्या, धावपटूंचे वर्चस्व राहिले आहे. महाराष्ट्राच्या बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे यांनी २०१९ पासून या पात्रतेचे जवळजवळ सर्व टप्पे पार केले. त्यामुळे मराठी वाचकाला ही किचकट पद्धत समजून घेण्यासाठी त्यांची कारकीर्द हे सर्वांत सोयीचे उदाहरण ठरते.

शर्यतीचे स्वरूप

धावपटूला ३००० मीटर अंतरात २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर, तर महिलांसाठी ७६.२ सेंटिमीटर असते. हा अडथळा साध्या अडथळा शर्यतीतल्याप्रमाणे धक्का लागताच पडत नाही. तो जड व भक्कम लाकडी तुळईचा असतो. त्यावर पाय देऊन पुढे गेले तरी चालते. पाण्याच्या खड्ड्यापाशी बहुतेक धावपटू तसेच करतात. गावातील शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेषा आखून धावण्याच्या इतर शर्यतींचा सराव करता येतो, या शर्यतीचा मात्र येत नाही, कारण पाण्याचा खड्डा असलेली धावपट्टी तेथे नसते. ग्रामीण भागातील धावपटू या प्रकाराकडे उशिरा वळतात, यामागे हे एक साधे कारण आहे.

या लेखात वेळा मिनिटे व सेकंद अशा क्रमाने दिल्या आहेत, उदाहरणार्थ, ८:२८.९४ म्हणजे ८ मिनिटे २८.९४ सेकंद.

प्रवेशाचे मार्ग

जागतिक स्पर्धेत प्रवेश मिळविण्याचा मुख्य मार्ग म्हणजे पात्रता वेळ. जागतिक अ‍ॅथलेटिक्स महासंघ प्रत्येक स्पर्धेपूर्वी एक वेळ जाहीर करतो. ठरवून दिलेल्या कालावधीत, मान्यताप्राप्त स्पर्धेत आणि विद्युत घड्याळावर ती वेळ किंवा तीहून कमी वेळ नोंदविणारा धावपटू पात्र ठरतो. त्याने ती शर्यत जिंकलीच पाहिजे असे बंधन नाही. शेवटच्या क्रमांकाने आलेला धावपटूही घड्याळाच्या जोरावर पात्र होऊ शकतो.

दुसरा मार्ग जागतिक क्रमवारीचा. धावपटूच्या ठरावीक शर्यतींतील गुणांची सरासरी काढली जाते. वेळेला गुण असतात, तसेच शर्यतीच्या दर्जानुसार मिळविलेल्या क्रमांकालाही असतात. पात्रता वेळेतून जागा भरल्या नाहीत, तर उरलेल्या जागा या क्रमवारीतून भरतात. अलीकडच्या स्पर्धांत स्टीपलचेससाठी ३६ धावपटूंची मर्यादा ठेवलेली असून सुमारे निम्मे वेळेवर आणि निम्मे क्रमवारीवर यावेत असे धोरण आहे. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेसाठी खंडीय विजेत्याला आणि गतविजेत्याला वेगळी सवलत मिळते.

पात्रता वेळ एकंदरीत कठीण होत गेली आहे. २०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेसाठी पुरुषांची वेळ ८:२९.०० होती. टोकियो ऑलिंपिकसाठी ती ८:२२.०० झाली, २०२३ च्या बुडापेस्ट स्पर्धेसाठी ८:१९.०० आणि पॅरिस ऑलिंपिकसाठी ८:१५.००. पाच वर्षांत चौदा सेकंदांची ही घट लहान नव्हे. भारताचा गोपाल सैनी यांचा १९८१ सालचा राष्ट्रीय विक्रम ८:३०.८८ असा होता आणि तो ३७ वर्षे अबाधित राहिला. म्हणजे आपला सर्वोत्तम विक्रमसुद्धा २०१९ च्या, तुलनेने सोप्या, उंबरठ्याच्या बाहेरच उभा होता.

एका देशाचे तीन धावपटू

कोणत्याही देशाला साधारणतः तीनच धावपटू उतरविता येतात. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत गतविजेता त्या देशाचा असेल तर चौथ्याला वाव मिळतो. हा नियम वाचायला किरकोळ वाटतो, पण स्टीपलचेसमध्ये सर्वाधिक परिणाम त्याचाच होतो. १९६८ पासून २०१६ पर्यंत केनियाने ज्या ज्या ऑलिंपिकमध्ये भाग घेतला, त्या प्रत्येकात पुरुषांचे सुवर्णपदक केनियाकडे गेले. १९७६ आणि १९८० या दोन ऑलिंपिकमध्ये केनिया बहिष्कारामुळे नव्हताच. अशा देशात निवड चाचणीत चौथा येणारा धावपटू इतर बहुतेक देशांत पहिला आला असता. पण जागतिक स्पर्धेच्या दिवशी तो घरी असतो.

या कोंडीतून काहींनी देशच बदलला. केनियात जन्मलेल्या स्टीफन चेरोनो यांनी २००३ मध्ये कतारचे नागरिकत्व घेतले आणि सैफ सईद शाहीन या नावाने त्याच वर्षी व पुन्हा २००५ मध्ये जागतिक विजेतेपद मिळविले. कतारने देऊ केलेले आर्थिक लाभ हेही या बदलाचे मोठे कारण होते. केवळ तीनच्या नियमाला दोष देणे योग्य होणार नाही. महिलांमध्ये केनियात जन्मलेल्या रूथ जेबेत आणि विन्फ्रेड यावी यांनी बहारीनसाठी अनुक्रमे २०१६ आणि २०२४ ची ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली.

केनियाची ऑलिंपिकमधील मालिका अखेर मोरोक्कोच्या सुफियान अल बक्काली यांनी टोकियोत खंडित केली आणि पॅरिसमध्येही तेच विजेते ठरले. जागतिक विक्रम मात्र इथिओपियाच्या लामेचा गिर्मा यांच्या नावावर आहे (७:५२.११, पॅरिस, २०२३).

फुटबॉलच्या पद्धतीशी तुलना

फुटबॉलच्या विश्वचषकात घड्याळ नसते, तेथे खंडनिहाय जागा ठरलेल्या असतात. आफ्रिकेतील राष्ट्रीय संघ आपल्याच खंडातील संघांशी खेळून त्या जागा मिळवितात. या जागांचा इतिहास मानाचा आणि संघर्षाचा आहे. १९६६ च्या विश्वचषकासाठी आफ्रिकेला स्वतंत्र जागा नव्हती. आफ्रिकेच्या विजेत्याला आणखी एका फेरीत अन्य खंडाच्या संघाशी लढावे लागणार होते. आफ्रिकी देशांनी पात्रता स्पर्धेवर बहिष्कार टाकला. त्यानंतर १९७० मध्ये एक हक्काची जागा मिळाली आणि मोरोक्को ती घेऊन मेक्सिकोला गेला. १९८२ मध्ये दोन, १९९४ मध्ये तीन आणि १९९८ मध्ये पाच अशा त्या जागा वाढल्या. ४८ संघांच्या २०२६ च्या विश्वचषकासाठी त्या नऊ झाल्या.

२०२६ साठी आफ्रिकेतील संघांचे नऊ गट करण्यात आले. प्रत्येक गटातील संघ एकमेकांशी स्वतःच्या मैदानावर आणि प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर असे दोनदा खेळले. गटविजेते थेट पात्र ठरले आणि दुसऱ्या क्रमांकाच्या चार सर्वोत्तम संघांना आणखी एक संधी मिळाली. मोरोक्को, ट्युनिसिया, इजिप्त, अल्जीरिया, घाना, केप व्हर्दे, दक्षिण आफ्रिका, आयव्हरी कोस्ट आणि सेनेगल हे नऊ गटविजेते. यांतील केप व्हर्दे हा बेटांचा देश प्रथमच पात्र ठरला, तोही कॅमेरूनला मागे टाकून. त्याची लोकसंख्या सुमारे पाच लाख आहे. २०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या यशाचे मोल कळते.

दोन्ही पद्धतींतील मुख्य भेद असा की, फुटबॉल संघाला शेजाऱ्याला हरवावे लागते, तर धावपटूला एका आकड्याला हरवावे लागते. आकडा सर्वांना सारखाच आहे, म्हणून ही पद्धत अधिक न्याय्य वाटते. प्रत्यक्षात चांगली वेळ एकट्याने धावून सहसा होत नाही. पुढे धावणारा कोणी असावा लागतो, आणि तसे धावपटू कोठे एकत्र येतात यावर पात्रता बरीच अवलंबून राहते. भारतातील धावपटूची खरी अडचण येथे आहे.

अविनाश साबळे

अविनाश मुकुंद साबळे यांचा जन्म १३ सप्टेंबर १९९४ रोजी बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा येथे शेतकरी कुटुंबात झाला. आष्टी हा दुष्काळाशी परिचित असलेला तालुका. गावापासून शाळा सुमारे सहा किलोमीटर दूर होती आणि वाहनाची सोय नसल्याने ते अंतर ते चालत किंवा धावत पार करीत. धावपटू होण्याचा विचार तेव्हा नव्हता. बारावीनंतर ते सैन्यात महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये दाखल झाले. सियाचीन, राजस्थानचे वाळवंट आणि सिक्कीम येथे त्यांनी सेवा केली. २०१५ मध्ये सैन्याच्या क्रॉस कंट्री शर्यतींतून त्यांच्या धावण्याला सुरुवात झाली. प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्यांना स्टीपलचेसकडे वळविले. विशीत पदार्पण करून जागतिक स्तर गाठणारे धावपटू या शर्यतीत विरळा.

२०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेला दुखापतीमुळे ते मुकले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भुवनेश्वर येथे त्यांनी ८:२९.८० वेळ नोंदवून सैनी यांचा विक्रम मोडला. मार्च २०१९ मध्ये पतियाळा येथील फेडरेशन चषकात त्यांनी ८:२८.९४ अशी वेळ दिली. दोहाची पात्रता वेळ ८:२९.०० होती, सेकंदाच्या सहा शतांशांनी ते आत आले. पुरुषांच्या स्टीपलचेसमध्ये जागतिक स्पर्धेला पात्र ठरलेले ते १९९१ मधील दीना राम यांच्यानंतरचे पहिले भारतीय होत.

पुढे त्यांनी राष्ट्रीय विक्रम पुनःपुन्हा सुधारला. २०१८ ते २०२४ या काळात एकूण दहा वेळा नवा विक्रम झाला. यांपैकी भुवनेश्वर, पतियाळा (दोनदा) आणि तिरुवनंतपुरम येथील चारच विक्रम भारतात झाले. भारतातील सर्वोत्तम वेळ ८:१६.२१. उरलेले सहा दोहा, टोकियो, रबात, बर्मिंगहॅम आणि पॅरिस येथे, आफ्रिकेच्या धावपटूंच्या पाठोपाठ किंवा बरोबरीने धावताना झाले. वर सांगितलेला मुद्दा या विभागणीवरून स्पष्ट होतो. पॅरिस ऑलिंपिकची ८:१५.०० ही पात्रता वेळ त्यांनी २०२३ मध्ये पोलंडमधील सिलेसिया येथील डायमंड लीगमध्ये ८:११.६३ अशी धाव घेऊन पार केली. ७ जुलै २०२४ रोजी पॅरिस डायमंड लीगमध्ये ते सहावे आले, पण वेळ होती ८:०९.९१. दोहाच्या वेळच्या पात्रता धावेपेक्षा ही वेळ सुमारे एकोणीस सेकंदांनी कमी आहे.

२०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाचे अब्राहम किबिवोत ८:११.१५ वेळेत पहिले, तर साबळे ८:११.२० वेळेत दुसरे आले. १९९८ ते २०१८ या काळात या स्पर्धेतील तिन्ही पदके दर वेळी केनियालाच मिळाली होती. २०२३ मध्ये हांगचौ आशियाई स्पर्धेत त्यांनी स्टीपलचेसचे सुवर्ण आणि ५००० मीटरचे रौप्यपदक मिळविले.

प्राथमिक फेरीतून अंतिम फेरीकडे

जागतिक स्पर्धेत प्रवेश मिळाला म्हणजे पात्रता संपत नाही. प्राथमिक फेरीत तीन शर्यती होतात आणि त्यांतून सुमारे पंधरा धावपटू अंतिम फेरीत जातात. २०२२ पर्यंत प्रत्येक शर्यतीतील पहिले तीन आणि उरलेल्यांतील सर्वांत वेगवान सहा पुढे जात. या पद्धतीत एखादी शर्यत संथ झाली तर त्यातील पहिले तीन कमी वेगातही निभावून जात. टोकियो ऑलिंपिकमध्ये साबळे यांनी ८:१८.१२ हा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम केला, पण आपल्या शर्यतीत सातवे आल्याने ते बाहेर पडले. तिसऱ्या शर्यतीतून थेट पुढे गेलेल्यांची वेळ त्यांच्याहून अधिक होती. १९५२ मधील गुलझारा सिंग मान यांच्यानंतर या शर्यतीत ऑलिंपिकला उतरलेले ते पहिले भारतीय पुरुष होते.

त्याआधी दोहाच्या प्राथमिक शर्यतीत पुढचे धावपटू पडल्याने त्यांचा मार्ग अडला होता. भारतीय संघाने आक्षेप नोंदविला, पंचांनी तो मान्य केला आणि साबळे यांना अंतिम फेरीत घेण्यात आले. तेथे ते तेरावे आले, पण ८:२१.३७ ही वेळ टोकियो ऑलिंपिकच्या निकषात बसली. एका आक्षेपातून पुढच्या ऑलिंपिकचे दार उघडले, असा प्रसंग क्वचितच घडतो.

२०२३ पासून वेळेवर पुढे जाण्याची सोय रद्द झाली असून प्रत्येक शर्यतीतील पहिले पाच एवढाच निकष राहिला. बुडापेस्टमध्ये साबळे सातवे आले आणि थांबले. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते ८:१५.४३ वेळेत पाचवे आले. पुरुषांच्या स्टीपलचेसमध्ये ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारे ते पहिले भारतीय ठरले. अंतिम फेरीत त्यांनी ८:१४.१८ वेळेत अकरावे स्थान मिळविले.

मे २०२५ मध्ये गुमी (दक्षिण कोरिया) येथे त्यांनी आशियाई विजेतेपद मिळविले. जुलैमध्ये मोनॅको येथील शर्यतीत पाण्याच्या खड्ड्यापाशी पडून त्यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली व शस्त्रक्रिया करावी लागली. परिणामी सप्टेंबर २०२५ च्या टोकियो जागतिक स्पर्धेस ते मुकले.

महिला

महिलांची ही शर्यत जागतिक स्पर्धेत २००५ मध्ये आणि ऑलिंपिकमध्ये २००८ मध्ये आली. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१५ च्या बीजिंग जागतिक स्पर्धेत आठवे स्थान मिळविले. रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत ९:१९.७६ असा राष्ट्रीय विक्रम करून त्या अंतिम फेरीत पोहोचल्या आणि तेथे दहाव्या आल्या. १९८४ मधील पी. टी. उषा यांच्यानंतर ऑलिंपिकमधील धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. माण आणि आष्टी हे दोन्ही अवर्षणप्रवण तालुके असून महाराष्ट्राचे स्टीपलचेसमधील दोन्ही ऑलिंपिक अंतिम फेरीतील धावपटू तेथून आले आहेत. बाबर यांचा विक्रम पुढे पारुल चौधरी यांनी २०२३ मध्ये बुडापेस्ट येथे ९:१५.३१ वेळेसह मोडला आणि त्याच धावेने त्या पॅरिस ऑलिंपिकसाठी पात्र ठरल्या.