गोधडीच्या कोपऱ्यात नाव कुणाचं?

लढाया, तह, सनदा यांवर आपण नेहमीच बोलतो. आज बोलूया कापडाच्या तुकड्यांवर. तेही इतिहासाचं साधन आहेत, फक्त त्यांच्याकडे तसं पाहायची आपल्याला सवय नाही.

गेल्या पावसाळ्यापासून मी इथे हैदराबादला माझी पहिली सॅम्पलर क्विल्ट शिवते आहे. हौस म्हणून, सुट्टीच्या दिवशी. सॅम्पलर म्हणजे एकाच क्विल्टमधला प्रत्येक चौकोन, म्हणजे ब्लॉक, वेगळ्या नमुन्याचा. माझे बारा ब्लॉक आहेत, प्रत्येक बारा इंचांचा. सात झाले, पाच बाकी आहेत.

‘सॅम्पलर’ हा शब्द ‘नमुना’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. छापील पुस्तकं दुर्मीळ होती तेव्हा युरोपातल्या बायका आवडलेला टाका कापडाच्या पट्टीवर भरून ठेवत. ती पट्टी हीच त्यांची वही. इंग्लंडमधला तारीख घातलेला सर्वांत जुना ज्ञात सॅम्पलर १५९८ चा आहे. तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे, आणि त्यावर भरणारीचं नाव आहे : जेन बोस्टॉक.

पुढे अमेरिकेत हीच कल्पना ठिगळकामात आली. माझा पहिला ब्लॉक होता ‘नाइन पॅच’. तीन ओळी, प्रत्येकीत तीन चौकोन. सोपा दिसतो. पण तयार चौकोन चार इंचांचा हवा, तर कापायचा साडेचार इंचांचा, कारण चारही बाजूंना पाव इंच शिवणीत जातो. शिवण इस्त्रीने गडद रंगाकडे दाबायची, म्हणजे फिक्या कापडाखालून ती दिसत नाही. दुसरा होता ‘लॉग केबिन’, म्हणजे ओंडक्यांचं घर. मधोमध बहुतेक वेळा लाल चौकोन ठेवतात, ती घरातली शेकोटी. तिच्याभोवती पट्ट्या लावत जायचं. निम्म्या उजळ, निम्म्या गडद. हे नमुने हातातून हातात गेले, नंतर वर्तमानपत्रांतून घराघरांत गेले. ‘कॅन्सस सिटी स्टार’ या दैनिकाने १९२८ ते १९६१ या काळात असे शेकडो नमुने छापले.

आता त्या क्विल्टकडे येते जिच्यामुळे मी हा विषय निवडला. ती अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या बेनिंग्टन म्युझियममध्ये आहे. तेरा ओळी, प्रत्येकीत तेरा, असे १६९ छोटे ब्लॉक; एकाची बाजू जेमतेम साडेचार इंच. भोवती त्रिकोणांची किनार. आणि एका कोपऱ्यात शिवणारीने टाक्यांनी लिहिलंय, त्याचा मराठीत अर्थ असा : युद्धकाळात, १८६३. तुकडे ५६०२. जेन ए. स्टिकल.

ते युद्ध म्हणजे अमेरिकेचं यादवी युद्ध, १८६१ ते १८६५. जेन स्टिकल ना सेनापती, ना पुढारी. पण तिने वर्ष घातलं, तुकडे मोजले आणि नाव लिहिलं. दीडशेहून अधिक वर्षांनी मी हैदराबादमध्ये बसून तिचं नाव घेते आहे, ते त्या कोपऱ्यामुळे.

त्याच युद्धाचा आपल्याशीही संबंध आहे. अमेरिकेचा कापूस अडला, तशा लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळले. त्या तेजीवर उभ्या राहिलेल्या कंपन्या बुडाल्या. हे सगळं आपल्याला ठाऊक आहे, कारण व्यापाऱ्यांच्या आणि सरकारच्या वह्या उरल्या. त्याच काळात जुन्या लुगड्यांच्या घड्या एकावर एक घालून धावदोरा घालणाऱ्या आपल्या बायका होत्याच की! त्यांची वही कुठे आहे?

आपल्याकडे कसब कमी नव्हतं. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायका ‘कवंदी’ शिवतात. कडेपासून सुरुवात करून आत आत येतात, आणि कोपऱ्यांत ठिगळांची ‘फुलं’ लावतात. फुलांशिवाय कवंदी उघडी वाटते, असं त्या मानतात. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, आपली वाकळ, सगळ्या एकाच कुळातल्या. नाव लिहिण्याची रीतही अगदीच नव्हती असं नाही. खुलन्याच्या मानदासुंदरी दासीने वडिलांसाठी शिवलेल्या कांथेवर आपलं नाव टाक्यांत लिहिलं, म्हणून आज संशोधक तिला नावाने ओळखतात. आपल्या जनाबाईने अभंगाच्या शेवटी स्वतःची मुद्रिका ठेवली, म्हणून तो अभंग जनीचा हे आपण सांगू शकतो. वाकळेच्या शेवटी मात्र मुद्रिका नसते.

आमच्या घरी एकच जुनी गोधडी उरली आहे. आई म्हणते आजीची, मावशी म्हणते पणजीची. दोघींचंही खरं असू शकेल, पण आता सांगणारं कुणी नाही. गोधडी फाटेपर्यंत वापरायची, मग पायपुसणं करायचं, ही आपली रीत काटकसरीची आहे आणि मला ती आवडते. पण त्या काटकसरीत वस्तूबरोबर माणूसही पुसला गेला.

म्हणून माझ्या क्विल्टच्या बाराव्या ब्लॉकनंतर, अस्तर आणि धावदोरा झाल्यावर, मागच्या कोपऱ्यात मी चार गोष्टी लिहिणार आहे : नाव, गाव, वर्ष आणि तुकड्यांची संख्या.

तुम्हालाही एक काम सांगते. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, बेळगावला किंवा तंजावरला. घरातली गोधडी काढा. ती कुणी शिवली, कुणाच्या लुगड्याची, हे घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला विचारा, आणि आजच विचारा. मग वीतभर पांढऱ्या कापडावर ते लिहा आणि गोधडीच्या मागे टाचून टाका. चार टाके पुरतात.