अमिरातीतील जनुकशास्त्र आणि नैराश्याचा प्रश्न

संयुक्त अरब अमिरातीत आनुवंशिकीचा, म्हणजे आईवडिलांकडून अपत्यांकडे येणाऱ्या गुणदोषांच्या शास्त्राचा, पाया मनोविकारांवर नव्हे, तर थॅलॅसेमियासारख्या रक्तदोषांवर घातला गेला. एकाच जनुकातील बिघाडातून उद्भवणारा हा आजार विवाहपूर्व तपासणीने टाळता येतो, त्यामुळे तोच आधी हाती घेतला जाणे स्वाभाविक होते. अशा आजारांचा धोका नात्यातील विवाहांमुळे वाढतो, आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अल ऐन व दुबईतील २,०३३ विवाहित स्त्रियांपैकी ५०.५ टक्के स्त्रियांचे विवाह रक्तसंबंधात झाल्याचे आढळले. आधीच्या पिढीत हे प्रमाण ३९ टक्के होते. अनेक मराठी जातींत मामाच्या मुलीशी विवाह चालतो आणि चुलत नाते वर्ज्य मानले जाते, तर अरब समाजात चुलत भावंडांच्या विवाहालाच विशेष पसंती असते. जनुकशास्त्राला मात्र या दोन नात्यांत भेद दिसत नाही.

मनोविकारांचा अभ्यास या प्रवाहापासून दूरच राहिला. दुबईतील ३०० स्त्रियांची जी पाहणी १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात २२.७ टक्के स्त्रियांना मानसिक विकार असल्याचे दिसले. तिचा भर सामाजिक परिस्थितीवर होता. २००३ मध्ये दुबईत अरब जनुकीय अभ्यास केंद्र स्थापन झाले आणि अरब कुटुंबांतील आनुवंशिक विकारांची नोंदसूची तयार होऊ लागली, परंतु नैराश्य अशा सूचीत सहजासहजी बसणारे नव्हते.

याचे कारण नैराश्याच्या स्वरूपातच आहे. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार नैराश्याच्या प्रवृत्तीतील व्यक्तिव्यक्तींमधील फरकांपैकी सुमारे ३७ टक्के फरक आनुवंशिक असतो, मात्र तो हजारो जनुकभेदांत विखुरलेला असून प्रत्येकाचा परिणाम अत्यल्प असतो. नैराश्यात मंदावणारी एकाग्रता, स्मरण आणि विचारांचा वेग, म्हणजेच आकलनक्षमता, हीसुद्धा अशीच बहुजनुकीय आहे. एखाद्याच जनुकाला दोषी धरणारे पूर्वीचे बरेचसे दावे पुढे मोठ्या नमुन्यांत टिकले नाहीत. म्हणून नात्यातील विवाहांमुळे वाढणाऱ्या दुर्मिळ अप्रभावी विकारांचे गणित नैराश्याला तसेच लागू करणे ही गंभीर चूक ठरेल. दोष दोन्ही पालकांकडून आल्याखेरीज जो प्रकटत नाही, तो अप्रभावी विकार.

२०१९ मध्ये जाहीर झालेल्या अमिराती जीनोम कार्यक्रमाने, म्हणजे नागरिकांच्या संपूर्ण जनुकसंचाच्या वाचनाने, मनोविकारांच्या जनुकीय अभ्यासातील उणीव भरून निघण्याची शक्यता निर्माण केली. मात्र आजवरचे जोखीम-अंक, म्हणजे अनेक जनुकभेदांच्या एकत्रित परिणामावरून काढलेले धोक्याचे अंदाज, प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवरून बेतलेले असल्याने इतरत्र ते कमी अचूक ठरतात, आणि त्यांच्या आधारे एखाद्या रुग्णाच्या बुद्धीविषयी भाकीत करणे अन्यायकारक होईल. त्यातही हा कार्यक्रम अमिराती नागरिकांसाठी आहे. देशातील बहुसंख्य रहिवासी परदेशी असून, मराठी कुटुंबांसह त्या साऱ्यांच्या मनोविकारांचा जनुकीय अभ्यास त्याच्या कक्षेबाहेरच राहतो.